ग्रामसभेकडे परत कोण गेले?

पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने, म्हणजे आपण जिला गाडगीळ समिती म्हणतो तिने, 31 ऑगस्ट 2011 रोजी केंद्र सरकारला अहवाल दिला. त्यावर गदारोळ झाला तो निर्बंधांवरून. गोव्याच्या प्रादेशिक आराखड्याविषयी त्यात जो मजकूर आहे, तिकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. गावाने जमीन-पाण्याचा आराखडा तपासण्याचे काम नेमके कुठे अडते, हे इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा सरकारी कागद माझ्या पाहण्यात नाही.

त्यामागची हकिकत अशी. गोव्यात 1974 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली प्रादेशिक आराखडा होतो. ‘प्रादेशिक आराखडा 2011’ ऑगस्ट 2006 मध्ये अधिसूचित झाला आणि किती हिरवी जमीन वस्तीच्या रंगात गेली आहे, हे लोकांना नकाशे पाहून कळले. गोवा बचाव अभियान उभे राहिले, पणजीच्या आझाद मैदानावर लोक जमले आणि 2007 च्या सुरुवातीला सरकारने आराखडा मागे घेतला. नव्या आराखड्यासाठी कृती दल नेमले गेले. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया त्याचे उपाध्यक्ष होते. ‘प्रादेशिक आराखडा 2021’चा मसुदा 2008 मध्ये लोकांपुढे आला. जंगले, खारफुटी, खाजने (भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवलेल्या जमिनी), भातशेती अशा जमिनी त्यात ‘इको-1’ या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात होत्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावनिहाय नकाशे पंचायतींकडे गेले.

गाडगीळ समितीने या प्रक्रियेची टप्प्याटप्प्याने तपासणी केली आहे. आधी राज्यातील जमीन, पाणी आणि इतर नैसर्गिक संपत्तीची नकाशावर बसवलेली माहिती गोळा झाली. अहवाल तिथेच पहिला आक्षेप नोंदवतो: माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानुसार ही माहिती सर्वांसाठी खुली व्हायला हवी होती, पण ती निवडकपणे दिली गेली. मग ग्रामसभांकडून जमीन कशी वापरावी याच्या सूचना घेतल्या गेल्या, त्या एकत्र केल्या गेल्या आणि अंतिम आराखड्याचा एक मुख्य आधार ठरल्या. इथवर समिती प्रशंसाच करते. त्यानंतरचे वाक्य मात्र फार मोलाचे आहे. ग्रामसभेच्या सूचनेपासून दूर जावे असे सरकारला जिथे वाटले, तिथे ते ग्रामसभेकडे परत गेले नाही, संवाद तिथेच थांबला, अशा आशयाची ही नोंद आहे. तरीही हा नमुना उत्तम आहे आणि तो खऱ्या अर्थाने राबवावा, अशी शिफारस समितीने केली.

‘परत गेले नाही’ या नोंदीपाशी मी थांबतो. गावाने सांगितलेले सगळे सरकारने मान्य केलेच पाहिजे, असे समिती म्हणत नाही. खाजनाचा बांध कुठे आहे, भरतीचे पाणी कुठवर चढते, कुठल्या उतारावर घरे बांधली तर खालची विहीर आटेल, हे गावाला ठाऊक असते. महामार्ग कुठून न्यायचा किंवा नदीच्या सबंध खोऱ्याचे काय करायचे, हे एकट्या गावाला ठरवता येणार नाही. मतभेद होणारच. प्रश्न आहे तो मतभेदानंतरच्या वागण्याचा. गावाने सर्व्हे नंबर टाकून सूचना दिली असेल, तर ती का नाकारली हेही सर्व्हे नंबर टाकूनच गावाला कळायला हवे. कारण कळले तर गाव प्रतिवाद करील, आपली चूक सुधारील किंवा न्यायालयात जाईल. ते कळलेच नाही, तर ग्रामसभेचा ठराव म्हणजे टपालात टाकलेले पत्र.

हीच कसोटी समितीच्या अहवालाच्या पुढच्या वाटचालीला लावून पाहिली, तर चित्र आणखी खिन्न करणारे आहे. समितीने सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत घाटाची पाहणी केली आणि 142 तालुक्यांसाठी संवेदनशीलतेचे तीन स्तर सुचवले. हे स्तर प्राथमिक आहेत, अंतिम सीमा ग्रामसभांपासून वर येत ठरावी, असे अहवालातच लिहिले आहे. सिंधुदुर्गातील 25 ग्रामपंचायतींनी आपले क्षेत्र संवेदनशील ठरवावे, असे ठराव केल्याची नोंदही त्यात आहे. सबंध तालुक्याला एकच रंग देण्याची पद्धत ठोकळ होती आणि विरोधकांचे त्यामुळे फावले, असे माझे मत आहे. पण ती दुरुस्त करायची वाट अहवालानेच दाखवली होती.

त्या वाटेवर कुणी गेले नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अहवाल दडवून ठेवला. केरळातील एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात तो मागितला, तेव्हा तो अंतिम नाही आणि राज्याच्या आर्थिक हिताला बाधा येईल, अशी कारणे पुढे आली. माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी 9 एप्रिल 2012 रोजी तो प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले आणि मेमध्ये अहवाल खुला झाला. म्हणजे ज्या गावांनी तो तपासायचा, त्यांच्या नजरेस तो जवळजवळ नऊ महिने पडलाच नाही.

गाडगीळ अहवालाचा फेरविचार करण्यासाठी ऑगस्ट 2012 मध्ये कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला. त्याचा अहवाल 15 एप्रिल 2013 चा. उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक भूभाग ठरवायचा, ज्या गावाचा 20 टक्के किंवा त्याहून अधिक भाग संवेदनशील निघेल ते सगळे गाव यादीत घ्यायचे, अशी त्याची रीत होती. यादीत 4,156 गावे आली. ग्रामसभेला विचारण्याचा टप्पा या रीतीत नव्हताच. आधीच्या समितीचे अध्यक्ष माधव गाडगीळ यांनी मे 2013 मध्ये कस्तुरीरंगन यांना खुले पत्र लिहून नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले.

या यादीच्या आधारे घाटातील संवेदनशील क्षेत्र ठरवणारी पहिली मसुदा अधिसूचना 10 मार्च 2014 ची. तिच्या परिशिष्टात राज्य, जिल्हा, तालुका, गाव असे रकाने आहेत आणि गावामागून गावाचे नाव. गावाचा कुठला भाग कशामुळे संवेदनशील, हे त्या रकान्यांत नाही. हरकतींसाठी मुदत 60 दिवस आणि त्या पाठवायच्या दिल्लीला. त्यानंतर मसुदे पुन्हा पुन्हा निघाले. सहावा 31 जुलै 2024 चा, केरळातील वायनाडमध्ये दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात महाराष्ट्राची 2,515 आणि गोव्याची 108 गावे आहेत.

ज्या गोव्याचा नमुना समितीने उत्तम म्हटला, तिथे 2012 मध्ये नव्या सरकारने 2021 चा आराखडा स्थगित ठेवला. 2018 मध्ये तो पुन्हा लागू झाला, पण लगोलग कायद्यात बदल होऊन एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची सोय आली. 2023 मध्ये त्याच कायद्यात आलेल्या कलम 17(2) ने आराखड्यातील ‘अनवधानाने झालेल्या चुका’ सुधारण्याच्या नावाखाली तेच केले. त्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2025 मध्ये रद्द ठरवले.

तुमचे गाव अशा एखाद्या यादीत किंवा आराखड्यात असेल, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) किंवा पंचायत सचिवाकडे जाऊन त्या विषयावरच्या ग्रामसभेच्या ठरावाची आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्यानिशी नक्कल मागून घ्या. हरकत पाठवली असेल तर पोच जपून ठेवा आणि उत्तर आले नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा, की आमच्या ठरावावर काय निर्णय झाला आणि कोणत्या कारणाने.