कृपाबाई सत्यनाधन : नगरची मुलगी मद्रासला डॉक्टर व्हायला गेली, आजारी पडून परतली आणि मग लेखिका झाली. ही गोष्ट काय आहे?

परभणी जिल्ह्यातल्या येलदरीसारख्या गावातून मुलगी पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडायची म्हटली, की घरात फीचा विषय होतोच. पण त्याच्यासोबत आणखी तीन प्रश्न येतात. राहणार कुठे? तब्येत झेपेल का? आणि मध्येच सोडून परत यावं लागलं तर लोक काय म्हणतील?

हे तिन्ही प्रश्न जवळपास दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी मुलीसमोर आले होते. ती ख्रिस्ती होती, १६ वर्षांची होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिचं नाव कृपाबाई. माहेरचं आडनाव खिस्ती, लग्नानंतरचं सत्यनाधन.

आनंदीबाई जोशींचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या त्याच्या पाच वर्षं आधी कृपाबाई मेडिकल कॉलेजच्या वर्गात बसल्या होत्या, हे फार कमी जणांना माहीत आहे.

थोडक्यात माहिती

- जन्म : १४ फेब्रुवारी १८६२, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर)
- आईवडील : राधाबाई आणि हरिपंत खिस्ती
- शिक्षण : घरी, मग मुंबईत, १८७८ पासून मद्रास मेडिकल कॉलेज
- पुस्तकं : 'सगुणा' आणि 'कमला', दोन्ही इंग्रजीत
- मृत्यू : ३ ऑगस्ट १८९४, वय ३२

सुरुवात नगरमध्येच का झाली?

अमेरिकन मिशनरी १८३१ मध्ये नगरला आले आणि त्यांनी तिथे शाळा काढल्या. सिंथिया फरार या अमेरिकन शिक्षिकेची मुलींची शाळा तिथलीच. जोतीराव फुल्यांनी ही शाळा पाहिली होती. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण याच फरारबाईंकडे घेतलं. त्यामुळे पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, त्या गोष्टीचा एक धागा नगरपर्यंत जातो.

याच शहरात हरिपंत आणि राधाबाई राहत होते. हरिपंत जन्माने ब्राह्मण. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते मिशनमध्ये काम करू लागले. त्या काळी धर्म बदलणं म्हणजे नुसतं देवळाऐवजी चर्चमध्ये जाणं नव्हतं. नातेवाईक तुटायचे, पंगतीतली जागा जायची, वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्कही धोक्यात यायचा. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा ब्रिटिश सरकारने आणला तो १८५० मध्ये.

कृपाबाई लहान असतानाच वडील गेले. मोठं घर आणि अनेक भावंडं यांचा भार आईवर आणि थोरल्या भावावर आला. या भावाचं नाव भास्कर.

ख्रिस्ती असल्यामुळे संधी मिळाली का?

बऱ्याच अंशी हो. त्या काळात मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी व्हायची. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला, तेव्हाही ते वय १० वरून फक्त १२ वर गेलं. अशा काळात १६ वर्षांची मुलगी अविवाहित आहे आणि शिकतेय, हे नव्याने ख्रिस्ती झालेल्या काही मोजक्या कुटुंबांतच शक्य होतं. मिशनच्या शाळा होत्या, वसतिगृहं होती, दुसऱ्या शहरात ओळखीची घरं होती.

पण सगळं सोपं नव्हतं. घर ख्रिस्ती झालं म्हणून मुलीबद्दलच्या कल्पना एका रात्रीत बदलल्या नाहीत. कृपाबाईंच्या आत्मकथनात्मक कादंबरीत आईला मुलीचं पुस्तकात डोकं घालून बसणं फारसं पसंत नाही. मुलीने घरकामात लक्ष घालावं, असंच तिला वाटतं.

दुसरीकडे मिशनरी बायकांचा वरचढपणा होता. "आम्ही तुम्हाला शिकवतोय, तेव्हा तुम्ही पायरीने राहा" अशा वागण्यावर कृपाबाईंनी पुढे स्पष्टपणे लिहिलं. ज्यांनी दार उघडलं त्यांच्यावर टीका करणं तेव्हा सोपं नव्हतं.

डोंगर, भाऊ आणि पुस्तकं

कृपाबाईंचा खरा पहिला शिक्षक भास्कर. तो तिला वाचायला द्यायचा, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलायचा. 'सगुणा' या कादंबरीतही नायिकेच्या भावाचं नाव भास्करच आहे. भाऊ-बहीण डोंगरात भटकतात, खडकावर बसून गप्पा मारतात, आणि मुलीने आयुष्यात काय करावं हा विषय तिथेच निघतो.

यात आज आपल्याला विशेष काही वाटणार नाही. पण मुलींचं वावरणं घर, परस आणि पाणवठा एवढ्यापुरतंच होतं, त्या काळात हे लिहिलं गेलंय. मोकळ्यावर फिरणं आणि मोकळं बोलणं या दोन गोष्टी कृपाबाईंना एकत्रच मिळाल्या.

हे फार काळ टिकलं नाही. कृपाबाई किशोरवयात असतानाच भास्कर वारला. पुढे त्या मुंबईला शिकायला गेल्या.

विलायतेची संधी आली, पण गेली

मुंबईत एका अमेरिकन महिला डॉक्टरच्या नजरेत कृपाबाईंची हुशारी भरली. या मुलीने वैद्यकशास्त्र शिकावं, असं तिला वाटलं. त्याला कारणही होतं. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा न दाखवणाऱ्या असंख्य बायका उपचाराविना राहत होत्या. त्यांच्यासाठी महिला डॉक्टर हव्या होत्या.

इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. पण कृपाबाईंची प्रकृती नाजूक होती. तिथली हवा मानवणार नाही, असं ठरलं आणि विलायत रद्द झाली. मग मद्रासचा पर्याय पुढे आला.

मद्रासच का? मुंबईत मेडिकल कॉलेज नव्हतं का?

होतं, पण मुलींसाठी नव्हतं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचं दार मुलींसाठी उघडलं ते १८८३ मध्ये. मद्रास मेडिकल कॉलेजने मात्र १८७५ मध्येच चार महिलांना प्रवेश दिला होता. त्यातल्या एक मेरी शार्लीब, ज्या पुढे नामवंत डॉक्टर झाल्या.

म्हणून १८७८ मध्ये कृपाबाई मद्रासला गेल्या. मुंबई आणि मद्रासकडच्या रेल्वेमार्गांची रायचूरला जोडणी होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. हजारेक किलोमीटरचा प्रवास, तमिळ बोलणारं शहर, वेगळं जेवण, वेगळी हवा.

राहण्याची सोय रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाधन यांच्या घरी झाली. त्यांच्या पत्नी अॅना मुलींच्या शिक्षणाचं काम करत होत्या. म्हणजे येलदरीच्या आईबापांना आज पडणारा पहिला प्रश्न, राहणार कुठे, तो इथे सुटला होता. दुसरा सुटला नव्हता.

एका वर्षात काय झालं?

अभ्यासात कृपाबाई चमकल्या. पहिल्या वर्षी एक विषय सोडला तर बाकी सगळ्या विषयांत त्यांनी बक्षिसं मिळवली.

पण त्याच वर्षी तब्येत कोलमडली. अभ्यासाचा ताण शरीराला झेपला नाही. १८७९ मध्ये त्या पुण्याला बहिणीकडे परतल्या. वैद्यकीय शिक्षण तिथेच थांबलं.

बक्षिसं मिळवणारी मुलगी कोर्स अर्धवट सोडून घरी आली, एवढीच त्यावेळची 'बातमी' असणार. आजही अनेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते. त्यांच्या बाबतीत संपली नाही.

उटीने काय दिलं?

तब्येत थोडी सावरल्यावर कृपाबाई पुन्हा मद्रासला गेल्या. तिथे रेव्हरंड सत्यनाधन यांचे चिरंजीव सॅम्युएल यांच्याशी ओळख झाली. ते केंब्रिजला शिकून आले होते. १८८१ मध्ये दोघांचं लग्न झालं. सॅम्युएल यांना नीलगिरीतल्या उटकमंडच्या, म्हणजे उटीच्या ब्रीक्स मेमोरियल स्कूलमध्ये मुख्याध्यापकाची नोकरी मिळाली.

उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. त्या काळी अशक्त माणसाला डॉक्टर हवापालट सुचवायचे, कारण सुचवायला दुसरं फारसं काही नव्हतंच. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधला तो १८८२ मध्ये, आणि त्यावरचं पहिलं परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ उजाडलं.

उटीत कृपाबाईंना बरं वाटू लागलं. पण त्या नुसत्या आराम करत बसल्या नाहीत. त्यांनी मुस्लिम मुलींसाठी शाळा सुरू केली. आजूबाजूला फिरल्या. नीलगिरीत तोडा नावाचा आदिवासी समाज राहतो. म्हशी पाळणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय आणि अर्धगोल छपराची घरं ही त्यांची ओळख. कृपाबाई त्यांच्या वस्तीवर गेल्या आणि त्या भेटीवर त्यांनी इंग्रजीत लेख लिहिला. तो 'साउथ इंडिया ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात छापून आला. लेखिकेच्या नावाच्या जागी होतं, 'एक भारतीय स्त्री'.

डॉक्टरकीचा रस्ता बंद झाल्यावर दुसरा रस्ता असा डोंगरात फिरताना सापडला. त्या काळात भारतीय बाई स्वतः कुठे जाऊन, स्वतः पाहून वर्तमानपत्रासाठी लिहिते, हे दुर्मीळ होतं. आज आपण ज्याला फील्ड रिपोर्ट म्हणतो, त्याच्या जवळ जाणारंच ते काम.

'सगुणा' आणि 'कमला' कशाबद्दल आहेत?

पतीच्या बदल्यांमुळे १८८४ मध्ये राजमहेंद्री, मग कुंभकोणम असं करत १८८६ मध्ये सत्यनाधन दांपत्य मद्रासला स्थिरावलं. तिथे कृपाबाईंनी 'सगुणा' लिहिली. १८८७-८८ मध्ये ती मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. ख्रिस्ती झालेल्या मराठी कुटुंबातली मुलगी, तिचे आईवडील, भाऊ, शिक्षणाची ओढ आणि मेडिकल कॉलेज, असा तिचा प्रवास आहे. म्हणजे बरीचशी त्यांचीच गोष्ट.

दुसरी कादंबरी 'कमला'. यात हिंदू घरातली, लहानपणी लग्न झालेली, पुढे विधवा होणारी मुलगी आहे. धर्म वेगळा, पण प्रश्न तोच : बाईला स्वतःचं ठरवता येतं का?

या काळात त्यांची तान्ही मुलगी गेली. स्वतःचं दुखणंही बळावत होतं. 'कमला'चं काम त्यांनी आजारपणातच केलं. ३ ऑगस्ट १८९४ रोजी क्षयाने त्यांचा मृत्यू झाला.

पुढे शंभरेक वर्षं ही पुस्तकं जवळपास विसरली गेली. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९९८ मध्ये दोन्ही कादंबऱ्या पुन्हा छापल्या आणि त्यांच्यावर नव्याने अभ्यास सुरू झाला.

कृपाबाईंबद्दल दोन गैरसमज

*त्या भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर होत्या का?* नाही. त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून डॉक्टर झाल्या. कृपाबाई या दोघींच्या आधी मेडिकल कॉलेजात गेल्या, एवढं नक्की.

*त्या मद्रासच्या लेखिका होत्या का?* आडनाव आणि कर्मभूमी पाहून तसं वाटतं. पण जन्म नगरचा, शिक्षण मुंबईतलं, आजारपणात आधार पुण्याचा. मराठी वाचकाने हक्काने ओळख ठेवावी असं हे नाव आहे. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, म्हणून कदाचित आपल्या यादीतून ते निसटलं.

मग या गोष्टीतून काय घ्यायचं?

"जिद्द असेल तर सगळं होतं" असं सांगून कृपाबाईंची गोष्ट संपवता येत नाही. त्यांच्याकडे जिद्द होती, बुद्धी होती, शिष्यवृत्तीही होती. तरी शरीराने साथ दिली नाही आणि वयाच्या ३२ व्या वर्षी त्या गेल्या.

संधी म्हणजे फक्त कॉलेजची सीट नसते. राहायला सुरक्षित घर लागतं, तब्येतीकडे बघणारं कुणी लागतं, आणि मध्येच थांबावं लागलं तर टोमणे न मारता घरात घेणारी माणसं लागतात. कृपाबाईंना मद्रासमध्ये घर मिळालं. पुण्यात बहीण मिळाली. उटीत मोकळी हवा मिळाली. यातलं काही नसतं, तर मेडिकल कॉलेज सोडलेली एक आजारी मुलगी एवढीच त्यांची ओळख राहिली असती, किंवा तीही राहिली नसती.

त्यांच्या मृत्यूनंतर लोकांनी त्यांचं स्मारक कसं केलं, हेही सांगायला हवं. पुतळा नाही उभारला. मद्रास विद्यापीठात मॅट्रिकला इंग्रजीत पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी त्यांच्या नावाने पदक ठेवलं. आणि ज्या मद्रास मेडिकल कॉलेजातून त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं होतं, तिथे मुलींसाठी त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली.