श्रोत्याची शंका, वाचकाची लेखणी : शिरपूरच्या मूर्तीपासून मराठी कादंबरीपर्यंत (धागा)

१/ कादंबरी वाचताना प्रत्येक वाचकाच्या मनात कधी ना कधी एक बंड उठते. ‘हे पात्र असे वागणार नाही’, ‘हा शेवट अन्यायाचा आहे’, ‘मी असतो तर हे असे लिहिले नसते’. हे बंड आधुनिक वाचकाचे लक्षण मानले जाते. प्रत्यक्षात ते फार जुने आहे आणि त्याचे दोन ठळक पुरावे एकट्या वाशीम जिल्ह्यात सापडतात. या धाग्यात त्यांचा मागोवा घेऊ.

२/ आरंभ शिरपूर जैनपासून. मालेगाव तालुक्यातील हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीसाठी प्रसिद्ध आहे. मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी आहे, ही श्रद्धा. ‘अंतरिक्ष’ हे नाव त्यावरूनच पडले. श्वेतांबर व दिगंबर, दोन्ही पंथांना हे क्षेत्र पूज्य आहे. आपल्याला मात्र आज या मूर्तीच्या उत्पत्तीची कथा हवी आहे.

३/ चौदाव्या शतकात जिनप्रभसूरी या आचार्यांनी ‘विविधतीर्थकल्प’ हा ग्रंथ रचला. तो इ.स. १३३३ च्या सुमारास पूर्ण झाला. त्यात श्रीपूरच्या, म्हणजे आपल्या शिरपूरच्या, पार्श्वनाथाची कथा येते. लंकेच्या दशग्रीवाने माळी आणि सुमाळी यांना कामगिरीवर पाठवले. ते विमानातून निघाले. भोजनाची वेळ झाली, पण पूजेची जिनमूर्ती सेवक घरीच विसरला होता आणि पूजेवाचून ते जेवणार नव्हते. तेव्हा वाळू व शेण कालवून पार्श्वनाथाची मूर्ती घडवली गेली. पूजा झाली आणि मूर्ती सरोवरात ठेवण्यात आली.

४/ कालांतराने श्रीपाल नावाच्या कुष्ठरोगी राजाने त्या पाण्यात हातपाय धुतले व तो बरा झाला. मूर्ती गाडीतून नेताना मागे वळून पाहायचे नाही, असा दृष्टान्त त्याला झाला होता. त्याने वळून पाहिले; गाडी पुढे गेली आणि मूर्ती जागीच, अधांतरी, राहिली. तिथेच नगर वसले. आता क्षणभर थांबून एक प्रश्न विचारा : लंकेच्या रावणाची माणसे पूजेवाचून अन्न न घेणारी जिनभक्त कशी?

५/ याचे उत्तर शोधण्यासाठी आणखी हजारएक वर्षे मागे जावे लागते. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ हे महाराष्ट्री प्राकृतातील उपलब्ध जैन रामकथांपैकी सर्वांत जुने महाकाव्य. त्याच्या काळाविषयी मतभेद आहेत. परंपरा ते इसवी सनाच्या पहिल्या शतकात नेते, तर अनेक अभ्यासक तिसऱ्या ते पाचव्या शतकात. मराठीची पूर्वपिढी असलेल्या भाषेत लिहिलेला हा ग्रंथ एका अस्वस्थ श्रोत्यापासून सुरू होतो.

६/ तो श्रोता म्हणजे मगधाचा राजा श्रेणिक. प्रचलित रामकथा त्याने ऐकली आहे आणि ती त्याला पटत नाही. कुंभकर्ण सहा-सहा महिने झोपतो आणि अंगावरून हत्ती गेले तरी जागा होत नाही, हे कसे? महाबली राक्षसांना वानर कसे मारतील? उत्तम कुळात जन्मलेला रावण मांसभक्षक कसा? शंकांनी ग्रासलेला राजा दुसऱ्या दिवशी गौतम गणधरांकडे जातो आणि खरे काय घडले ते सांगा, अशी विनंती करतो. पुढचे सारे काव्य म्हणजे त्याच्या शंकांचे उत्तर.

७/ ही रचना नीट पाहा. विमलसूरी प्रचलित कथेत गुपचूप फेरफार करत नाहीत. आधी आक्षेप मांडतात, मग पर्यायी कथा सांगतात. त्यांच्या कथेत वानर हे वानर नाहीत. ध्वजावर वानरचिन्ह मिरवणारे विद्याधरांचे कुळ आहे. रावणाला दहा डोकी नाहीत. गळ्यातील हाराच्या रत्नांत त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे पडली, म्हणून तो दशमुख. तो विद्वान आहे, जिनभक्त आहे. न इच्छिणाऱ्या स्त्रीला स्पर्श न करण्याचे त्याचे व्रत आहे. सीतेविषयीची आसक्ती हा त्याचा दोष आणि तोच त्याचा नाश.

८/ वाली लपून मारला जात नाही. तो आधीच राज्य सोडून दीक्षा घेतो. शंबूक हा रामाच्या हातून मारला जाणारा शूद्र तपस्वी नाही. तो रावणाच्या बहिणीचा मुलगा आहे आणि लक्ष्मणाच्या हातून अजाणता मरतो. वाल्मीकि रामायणातील खर आणि दूषण हे दोघे इथे खरदूषण नावाचा एकच पुरुष होतात, रावणाचा मेहुणा. शिरपूरची कथा सांगणाऱ्या पुढील काही ग्रंथांत माळी-सुमाळींच्या जागी हाच खरदूषण येतो. वाळूची मूर्ती घडवणाऱ्यांचे मूळ कोणत्या कथाविश्वात आहे, हे आता स्पष्ट व्हावे.

९/ पण प्रत्येक बदलाची किंमत असते. जैन दृष्टीने त्याच जन्मी मोक्षाला जाणारा राम हिंसा करणार नाही. मग रावणाला मारायचे कुणी? ते काम लक्ष्मणाकडे येते, आणि त्या हिंसेचे फळ म्हणून लक्ष्मण नरकात जातो. एका पात्राला निष्कलंक करताना दुसऱ्याच्या माथी भार टाकावा लागला. कथेचा एक धागा ओढला की सारे वस्त्र हलते. आवडत्या नायकाला वाचवू पाहणाऱ्या आजच्या प्रत्येक वाचकाने हे ध्यानात ठेवावे.

१०/ बदललेली कथाही अंतिम ठरली नाही. नवव्या शतकात गुणभद्रांच्या ‘उत्तरपुराणा’त सीता ही रावण-मंदोदरीचीच कन्या ठरते. दहाव्या शतकात मान्यखेटला राहून पुष्पदंतांनी अपभ्रंशात ‘महापुराण’ रचले, तेही याच वळणाने. पुष्पदंतांची ‘जसहरचरिउ’ (१९३१) आणि ‘णायकुमारचरिउ’ (१९३३) ही काव्ये छापून आली ती ‘कारंजा जैन ग्रंथमाले’तून. कारंजा आज वाशीम जिल्ह्यातच आहे आणि तेथील जैन भांडारांनी अशी हस्तलिखिते पिढ्यान्पिढ्या जपली.

११/ आता दुसरा पुरावा, खुद्द वाशीमचा. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन, चौथ्या शतकातला राजा आणि महाराष्ट्री प्राकृतातील ‘हरिविजय’ काव्याचा कर्ता. १९३९ साली वाशीमचा ताम्रपट उजेडात आला आणि या शाखेचा इतिहास जुळू लागला. ‘हरिविजय’ आज अखंड उपलब्ध नाही. इतरांच्या ग्रंथांतील उल्लेखांवरून व अवतरणांवरून ते कळते. विषय आहे रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजातक आणण्याचा.

१२/ नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त एक धाडसी नियम सांगितला. परंपरेने आलेले कथानक रसाला प्रतिकूल असेल, तर कवीने ते टाकावे आणि रसाला अनुकूल अशी नवी योजना करावी. केवळ घडले ते सांगणे हे कवीचे काम नव्हे, ते इतिहासानेच होते. या नियमाची उदाहरणे म्हणून ते कालिदासाच्या रचनांबरोबर सर्वसेनाच्या ‘हरिविजया’चे नाव घेतात. वऱ्हाडातील एका राजाने जुन्या कथेत केलेला बदल भारतीय काव्यशास्त्रात असा प्रमाण ठरला.

१३/ मग कुणीही काहीही बदलावे काय? येथे दुसरी बाजू ऐकली पाहिजे. हस्तलिखितांच्या काळात प्रत्येक वाचक संभाव्य लेखक होता, कारण नक्कल करताना ओळ घालणे सहज शक्य होते. ‘ज्ञानेश्वरी’त असे अपपाठ शिरले. संत एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, तिचे शुद्धीकरण केले आणि शेवटी बजावले की कुणी यात आपली ओवी मिसळू नये.

१४/ यावरून एकनाथ कथाबदलाच्या विरोधात होते असे वाटेल. पण याच एकनाथांनी ‘भावार्थ रामायण’ लिहिताना रामकथा आपल्या काळाच्या, आपल्या लोकांच्या भाषेत मोकळेपणाने नव्याने मांडली. ते युद्धकांडापर्यंत येऊन अपुरे राहिले आणि शिष्य गावबा यांनी पूर्ण केले, अशी परंपरा आहे. म्हणजे त्यांचा आक्षेप नव्या कथनाला नव्हता. दुसऱ्याच्या ग्रंथात आपले शब्द लपवून त्याच्या नावावर खपवण्याला होता.

१५/ हीच दक्षता महानुभावांत वेगळ्या रूपाने दिसते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूर येथे सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ पुढे धामधुमीत गहाळ झाले आणि शिष्यपरंपरेने स्मरणातून पुन्हा उभे केले. त्यामुळे त्याचे अनेक पाठ झाले. अशा वेळी एका व्यक्तीची आठवण दुसरीहून निराळी असेल, तर तो भेद पुसून न टाकता नावानिशी नोंदवण्याची रीत या पाठांत आढळते. मतभेद आहे, पण तो उघड आहे.

१६/ आता कादंबरीकडे. हा शब्दच बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून आला. सातव्या शतकातले ते गद्यकाव्य बाणाच्या हातून अपुरे राहिले. उत्तरभाग त्याच्या मुलाने लिहिला. मराठीने ज्या ग्रंथाचे नाव या साहित्यप्रकाराला दिले, त्याचा शेवट मूळ लेखकाचा नाही, त्याच्या पहिल्या वाचकांपैकी एकाचा आहे! आणि त्या मुलाने आपले लेखन वडिलांच्या नावाखाली दडवले नाही. हा भाग आपला, हे सांगूनच तो पुढे गेला.

१७/ मराठी कादंबरी छापून येऊ लागली तेव्हा मजकूर स्थिर झाला. वाचकाला ओळ घालता येईना. पण मग वाचकाला काय हवे, हा प्रश्न लेखकापुढे आला. नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’च्या (१८६८) प्रस्तावनेत सांगितले की, आपल्या समाजातील विवाहाच्या व इतर रीती अशा आहेत की रोजच्या जीवनातून मनोरंजक कथा निघणे कठीण, म्हणून अद्भुताची कास धरावी लागते. वाचकाच्या आवडीपुढे वास्तव बदलण्याची ही प्रांजळ कबुलीच होती.

१८/ हरिभाऊ आपट्यांनी उलट वाट धरली. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली जाते. वैधव्य, केशवपन, मृत्यू. क्रमशः वाचणाऱ्यांना हा शेवट बदलावासा वाटला नसेल, असे मानणे अवघड आहे. हरिभाऊंनी तो तसाच ठेवला, कारण बदलायला हवी होती ती कथा नव्हे, तो समाज होता. शीर्षकातला प्रश्न थेट वाचकालाच विचारलेला आहे.

१९/ त्याच वर्तुळात एक विलक्षण वाचक होती. काशीबाई कानिटकर, जन्म १८६१, सांगलीजवळच्या आष्ट्याचा. बालवयात विवाह झाला आणि वाचन-लेखन त्या लग्नानंतर शिकल्या. हरिभाऊंशी त्यांचा साहित्यिक स्नेह होता. पुरुषांनी लिहिलेल्या कथांतील स्त्री वाचता वाचता त्यांनी स्वतः लेखणी उचलली. ‘रंगराव’ ही कादंबरी १९०३ मध्ये ग्रंथरूपाने आली. १९२८ मधील ‘पालखीचा गोंडा’मध्ये तर त्यांनी स्त्रियांच्या हाती कारभार असलेल्या संस्थानाचे कल्पनाचित्र रेखाटले.

२०/ यमूची कथा आणि हे संस्थान शेजारी ठेवून पाहा. एकीकडे काहीच हाती नसलेली स्त्री, दुसरीकडे राज्य चालवणाऱ्या स्त्रिया. काशीबाईंनी यमूचा शेवट खोडला नाही. तो खोडला असता तर त्यातली साक्षच नष्ट झाली असती. त्यांनी दुसरे जग लिहिले, स्वतःच्या नावाने. श्रेणिकाने शंका विचारली होती आणि उत्तर गौतमांकडून घेतले होते. काशीबाईंनी शंका आणि उत्तर दोन्ही स्वतःकडे घेतले.

२१/ जगात तिसराही मार्ग दिसतो, तो लेखकावर दबाव आणण्याचा. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला दरीत लोटले. वाचक खवळले. अखेर १९०३ मध्ये ‘तो मेलाच नव्हता’ असे सांगून होम्सला परत आणावे लागले. वाचकांना नायक मिळाला. लेखकाने ठरवलेला शेवट मात्र गेला.

२२/ या साऱ्यातून एक भेद हाती लागतो. विमलसूरी, सर्वसेन, बाणपुत्र, गावबा, काशीबाई या सर्वांनी आधीच्या कथेला प्रतिसाद दिला, पण आधीची कथा शिल्लक ठेवली. म्हणूनच आज आपण वाल्मीकी आणि विमलसूरी शेजारी ठेवून वाचू शकतो आणि त्यांच्या मधल्या अंतरात त्या त्या काळाची नीती शोधू शकतो. अपपाठ घालणारा नक्कलकार मात्र हे अंतरच पुसतो. त्याच्यामुळे मूळही कळत नाही आणि त्याची स्वतःची शंकाही कळत नाही.

२३/ हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत शब्द गाळले जातात, ओळी सौम्य केल्या जातात. पटत नसलेले बदलण्याची इच्छा स्वाभाविक आहे, कित्येकदा न्याय्यही. पण बदल कुणी केला, कुठे केला आणि का केला, हे वाचकाला कळले पाहिजे. इतिहासाच्या विद्यार्थ्याची मागणी एवढीच आहे.

२४/ वाशीमकडे गेलात तर शिरपूरला अवश्य जा. मूर्ती पाहताना ही कथा आठवा : वाल्मीकींनी खलनायक केलेल्या रावणाची माणसे, हातात वाळू घेऊन, जेवणाआधीची पूजा करत आहेत. एका श्रोत्याला कथा पटली नाही, त्याचे हे वऱ्हाडात उरलेले फळ आहे. आणि आता तुम्ही सांगा : कोणत्या मराठी कादंबरीचा कोणता प्रसंग तुम्हाला बदलावासा वाटतो, आणि त्या बदलाची किंमत कोणत्या पात्राला मोजावी लागेल?