कोरड्या पायांचा शोध

परीक्षा आटोपली की मोटारसायकलीने मनालीहून लेहला जावयाचे, असा बेत करून आमच्या कॉलेजातील एक विद्यार्थी परवा स्टाफरूममध्ये आला. गाडी ठरली होती, सोबती ठरले होते, घरच्यांची परवानगीही कशीबशी मिळाली होती. प्रश्न उरला होता बुटांचा. "सर, उबदार हवेत आणि वॉटरप्रूफही हवेत. दुकानात तर प्रत्येक खोक्यावर हेच दोन शब्द छापलेले आहेत. मग निवडायचे कसे?"

मी इतिहासाचा माणूस. मला दुकानांची नावे सांगता येत नाहीत, बुटांची कुळकथा मात्र सांगता येते. शिवाय या बाबतीत माझी स्वतःची एक फजिती झालेली आहे, ती आधी सांगतो.

२०१४ सालच्या जूनअखेरीस मी त्याच रस्त्याने गेलो होतो. बारालाचा खिंडीच्या अलीकडे, झिंगझिंगबारपाशी, बर्फाच्या पाण्याचा नाला रस्त्यावरून वाहतो. सकाळी तो घोट्याइतका असतो. दुपारी ऊन तापून वरचा बर्फ वितळला की तोच गुडघ्याला लागतो. आम्ही पोचलो दुपारी. माझे बूट नवे होते, पाणी आत न येऊ देणारे होते, आणि थंडी वाजू नये म्हणून मी आत दोन जाड मोजे कोंबले होते. पाणी बुटाच्या कातड्यातून आलेच नाही. ते वरून आले, आणि एकदा आत आल्यावर बाहेर जाण्याची वाट त्याला कोणी ठेवलीच नव्हती! त्या दोन घागरी पायांत घेऊन मी सोळा हजार फुटांची खिंड चढलो. उतारावर उजव्या पायाने ब्रेक दाबायला गेलो, तेव्हा पाय पायडलवर आहे की नाही हेच मला कळेना. खाली वाकून डोळ्यांनी पाहावे लागले. एका बाजूला दरी, आणि मी आपला पाय शोधतो आहे. तंबूत गेल्यावर हळूहळू ऊब आली, पण दोन बोटांचा बधिरपणा पुढे पंधरा दिवस टिकला.

तेव्हा बुटांची निवड ही हौसेची बाब नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो. आता कुळकथा.

कातडे पाणी अडवते, पण पुरते नाही. ज्यांनी विहिरीवर चामड्याची मोट चालताना पाहिली आहे, त्यांना हे सांगावयास नको. मोट पाणी वर आणी, पण वाटेत झिरपतही असे, आणि सर्वांत अधिक झिरपे ती शिवणीतून. बुटाचेही तसेच. युरोपात शतकानुशतके लोकांनी बुटांना चरबी चोळली, मेण चोळले, तेल पाजले. कातडे काही काळ तग धरी. शिवण मात्र शेवटपर्यंत घात करी.

पावसाळ्यात आपण जो गमबूट घालतो, त्याचे इंग्रजी नाव ज्या सरदारावरून पडले, तो आपल्या परिचयाचा आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याजवळच्या असई येथे कैलना नदी ओलांडून मराठ्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली, तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याने लंडनमधील आपल्या चांभाराकडून जुन्या घोडेस्वारी बुटांत फेरफार करून घेतले. वरचे गोंडे काढले, कातडे पायाशी चापूनचोपून बसविले. हा मूळचा 'वेलिंग्टन' संपूर्ण चामड्याचा होता. रबराचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता.

रबर आले ब्राझीलमधून. तिकडच्या रबरी जोड्यांची १८३० च्या सुमारास अमेरिकेत मोठी चलती झाली. पाणी आत येत नाही म्हणून लोक हरखले. मग उन्हाळा आला आणि जोडे चिकट लगदा झाले. हिवाळा आला आणि ते लाकडासारखे कडक झाले. १८३९ साली चार्ल्स गुडइअर याला गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर स्थिर करण्याची रीत सापडली, १८४४ साली त्याला पेटंट मिळाले. पुढे १८५३ साली हायरम हचिन्सन या अमेरिकनाने फ्रान्समध्ये, आणि १८५६ साली दुसऱ्या एका अमेरिकनाने एडिंबरोमध्ये रबरी बुटांचे कारखाने काढले. आता पायाला पाणी लागणार नाही, असे त्या काळच्या माणसाला वाटले असेल तर नवल नाही.

हा भ्रम फिटला तो पहिल्या महायुद्धात, फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या खंदकांत. १९१४-१५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात सुमारे वीस हजार शिपाई पायांच्या एका व्याधीने अंथरुणाला खिळले. पाय सुजत, निळे पडत, बधिर होत, आणि कित्येकांची बोटे किंवा पावले कापावी लागत. हवेत हिमांक असण्याची गरजच नव्हती. थंड चिखलात तासन् तास उभे राहणे पुरेसे होते. त्या हिवाळ्यात हिंदी फौजाही तेथे होत्या. आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव शापेलच्या हल्ल्यात लढल्या. दख्खनच्या काळ्या मातीत अनवाणी वाढलेल्या माणसांना तो चिखल कसा वाटला असेल?

सरकारने रबरी बूट मागविले. एडिंबरोच्या त्या कारखान्याने युद्धकाळात अकरा लाखांहून अधिक जोड तयार केले. त्यांचा उपयोग झाला, नाही असे नाही. पण बुटाच्या काठापेक्षा खंदकातले पाणी वर चढले की झालीच माझी गत! आणि पाणी बाहेर राहिले, तरी आतला घाम आतच राही. खरा गुण आला तो अगदी साध्या उपायांनी. रोज मोजे बदलावयाचे, पाय पुसून देवमाशाचे तेल चोळावयाचे, पायांवर गुंडाळलेल्या पट्ट्या सैल ठेवावयाच्या, आणि शिपायांच्या पायांबद्दल अधिकाऱ्याला जबाबदार धरावयाचे. त्या पट्ट्या ओल्या झाल्या की आवळत, आणि आवळल्या की रक्त खाली उतरत नसे. माझ्या दोन जाड मोज्यांनी हेच केले होते. ऊब ही लोकरीत नसते, लोकरीत अडकलेल्या कोरड्या हवेत असते. मोजे दाबून कोंबले की ती हवाही गेली आणि रक्तही अडले.

खंदकातला शिपाई आणि मोटारसायकलीवरचा स्वार यांत मला एक मोठे साम्य दिसते. दोघांचेही पाय हलत नाहीत. डोंगर चढणाऱ्याचा पाय चालून चालून स्वतःला ऊब देतो. आपला पाय पायटीवर निश्चल, आणि समोरून वारा. हवेचे तापमान शून्य अंश असताना ताशी साठ किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे नऊ अंशांसारखी भासते. म्हणून गिर्यारोहणाचा चांगला बूट मोटारसायकलीला चांगला ठरेलच असे नाही.

आतल्या पाण्याची कथा मात्र अद्याप संपलेली नाही. अमेरिकेत लिऑन बीन याने १९१२ साली खाली रबर आणि वर चामडे असा शिकारी बूट विकावयास काढला. पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद परत आले, कारण चामडे आणि रबर यांची शिवणच उसवली. पुन्हा शिवण! त्याने सर्वांचे पैसे परत केले आणि बूट सुधारला. या जातीचे बूट घालून अमेरिकन सैनिक १९५० च्या हिवाळ्यात कोरियातील चोसिन जलाशयापाशी लढले. चढण चढताना पाय घामाघूम होत, आणि थांबले की त्याच घामाचा बर्फ होई. बाहेरचे पाणी एक थेंबही न शिरता पाय गोठले. नंतर सैन्याने लोकरीचा जाड थर दोन रबरांमध्ये हवाबंद केलेला बूट काढला. त्यात पाय ओलसर राही, पण ऊब देणाऱ्या लोकरीपर्यंत ती ओल पोचत नसे. १९६२ साली हिमालयात आपल्या कित्येक जवानांच्या पायांत साधे कॅनव्हासचे बूट होते. त्याविषयी अधिक बोलवत नाही.

एव्हरेस्टचीही एक आठवण येथे सांगण्याजोगी आहे. १९५३ च्या मोहिमेसाठी ब्रिटिश पादत्राण संशोधन संस्थेने खास बूट बनविले होते. त्यांत ऊब धरण्यासाठी सावरीच्या जातीच्या झाडाचा कापूस भरलेला होता, आपल्याकडे उशांत भरतात तसला. २९ मे च्या पहाटे हिलरी उठले, तो आदल्या दिवशी ओलावलेले आणि रात्री काढून ठेवलेले त्यांचे बूट दगडासारखे गोठलेले! तेनसिंगनी आपले बूट पायांतच ठेवले होते. जगाच्या माथ्यावर जावयास निघालेल्या हिलरींना सुमारे दोन तास स्टोव्हवर बूट शेकीत बसावे लागले.

मग १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर याने टेफ्लॉनची तापविलेली कांडी एकदम झटक्याने ओढली आणि त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार झाला. पाण्याच्या थेंबाला त्यातून वाट नाही, वाफेला आहे. १९७६ पासून असे कापड बाजारात आले. आज चांगल्या प्रवासी बुटांत अशा पापुद्र्याचा एक मोजाच आत बसविलेला असतो. शिवणीचा जुना घात त्याने बराच टळला.

तरीही जाहिरातीवर भुलू नये. वाफ बाहेर जाते ती आत उष्ण-दमट आणि बाहेर थंड-कोरडे असेल तर. लडाखच्या कोरड्या थंडीत हा पापुद्रा झकास काम करतो. तोच बूट जुलैत आंबोलीच्या घाटात घातलात, तर बाहेरच इतकी दमट हवा की घाम जाणार कोठे? शिवाय वरचे चामडे पाणी पिऊन जड झाले की वाफेची वाट बुजते, आणि ओल्या चामड्यावर वारा लागून आतला कोरडा पायही गारठतो. म्हणून चामड्याला अधूनमधून मेण लावण्याचा आजोबांच्या वेळचा नेम अजून सुटलेला नाही.

एवढे ऐकल्यावर विद्यार्थी म्हणाला, "सर, इतिहास कळला. बूट?"

मी म्हटले, दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. प्रवासात घालणार तोच लोकरीचा एक मोजा बरोबर ने. सुती नको, तो घाम पितो आणि ओलाच राहतो. बूट चढविल्यावर बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. मग तसाच जाऊन आपल्या गाडीवर बस. बुटाचे नाक फार जाड असेल, तर डावा पाय गिअरच्या दांडीखाली शिरत नाही. (आमच्या वडिलांच्या जुन्या बुलेटला गिअर उजवीकडे होता. त्यांनी हा सल्ला उजव्या पायासाठी दिला असता.) बुटाची उंची नडगीच्या मध्यापर्यंत हवी. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली हवी, चेन असेल तर तिच्या मागे पाणी अडविणारा पडदा हवा. पावसाळी विजार बुटाच्या बाहेरून घालावयाची, आत खोचली की तीच पन्हळीचे काम करते. घोट्याला आणि नडगीला कठीण कवच हवे. मोटारसायकलीच्या बुटांसाठी युरोपात १३६३४ क्रमांकाचे प्रमाण आहे, त्याची खूण आत शिवलेली असते. तिच्याजवळ 'डब्ल्यूआर' ही अक्षरे असली, तर पाण्याची चाचणीही झाली आहे असे समजावे. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे ठेव, नाला ओलांडल्यावर थांबून बदल. पाय बधिर झाले तर तापलेल्या इंजिनला लावू नकोस. नेपोलियनच्या फौजेतील शल्यवैद्य लारे याने १८१२ साली रशियातून परतताना पाहिले होते, की गारठलेले पाय शेकोटीवर धरणाऱ्यांचेच पाय अधिक सडत. त्याने त्यावर बर्फ चोळण्याचा उपाय सांगितला, तो मात्र चुकीचा ठरला. कोमट पाणी हेच बरे.

"आणि सर, दुकानदारावर विश्वास किती ठेवू?"

त्याला म्हटले, घरी आणल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भर आणि नडगीच्या खालपर्यंत पाणी भरलेल्या बादलीत अर्धा तास उभे करून ठेव.

आठवड्याने तो आला. डाव्या बुटातला कागद चेनच्या खालच्या टोकापाशी ओला निघाला होता. दुकानदाराने थोडी कुरकुर करून जोड बदलून दिला. नवा जोड काल रात्री हॉस्टेलच्या बादलीत उभा होता.