तापाचे एकशेचार, उन्हाचे चाळीस

वैशाखात वर्तमानपत्र सांगते, की उन्हाचा पारा चाळिसावर गेला. त्याच दिवशी घरात एखादे मूल तापाने फणफणले, तर आपण एकशेचारच्या गोष्टी करतो. वस्तुतः उन्हाचे ते चाळीस आणि तापाचे हे एकशेचार ही उष्णता एकच. ऊन आपण सेल्सियसमध्ये मोजतो, ज्वर मात्र बहुधा फॅरनहाइटमध्येच.

डान्झिगमध्ये १६८६ साली जन्मलेल्या फॅरनहाइट यांनी १७२४ साली आपली मोजणी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाची थंडी हे त्यांचे शून्य. नुसते बर्फ व पाणी म्हणजे ३२. निरोगी माणसाच्या अंगची ऊब ९६. मधले अंतर ६४ अंशांचे, म्हणजे निम्म्याचे निम्मे करीत खुणा पाडावयास सोयीचे. आपला जुना रुपयाही चौसष्ट पैशांचाच होता की! त्यांच्या पश्चात पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ ठरला आणि अंगची ऊब ९६ च्या वर सरकली.

स्वीडनच्या सेल्सियस यांनी १७४२ साली शंभर भाग केले. पण उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्याला शंभर! पुढे लवकरच ही शिडी उलटी करण्यात आली.

सेल्सियसच्या आकड्याला नवाने गुणावे, पाचाने भागावे आणि ३२ मिळवावे, की फॅरनहाइट मिळते. मात्र ताप दोन अंश सेल्सियसने उतरला, तर तो ३.६ अंश फॅरनहाइटने उतरला. तेथे ३२ मिळवायचे नाहीत, कारण हा केवळ फरक आहे.

आणि ते प्रसिद्ध ९८.६? १८६८ साली लाइप्झिगच्या वुंडरलिख यांनी हजारो रोग्यांची उष्णता मोजून सरासरी ३७ अंश सेल्सियस सांगितली. तिचे रूपांतर करताना दशांशचिन्हापुढचे सहा निर्माण झाले, आणि आम्ही ते देहधर्माचा नियम समजून बसलो. थर्मामीटरवर ९९ दिसताच अंथरुणात डांबलेली मुले कितीतरी असतील. खुद्द वुंडरलिख निरोगीपणाची वरची मर्यादा ३८, म्हणजे १००.४ पर्यंत मानीत. अंगची ऊब पहाटे कमी व सायंकाळी अधिक असते, हेही त्यांनी नोंदविले होते. १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी माणसांची पुन्हा मोजणी झाली, तेव्हा सरासरी ९८.२ निघाली.