लाळेतील ताणदर्शके
मानसिक ताणाचे शरीरावर होणारे परिणाम लाळेतून मोजण्यासाठी वापरली जाणारी जैवरसायने. यांत कॉर्टिसॉल हे संप्रेरक प्रमुख. रक्तातील प्रथिनांना न बांधलेले, म्हणजे प्रत्यक्ष कार्य करणारे कॉर्टिसॉल लाळेत उतरते; शिवाय सुई टोचल्याने येणारा ताण टळतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या, मुद्दाम ताण निर्माण करणाऱ्या चाचणीत अनोळखी परीक्षकांसमोर पाच मिनिटे भाषण केल्यावर १०२२ मधून १३-१३ वजा करत तोंडी हिशेब करावा लागतो. चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून. चाचणी संपल्यावर साधारण १० ते २० मिनिटांनी लाळेतील कॉर्टिसॉल शिखर गाठते. आल्फा-अमायलेज हे विकर मात्र काही मिनिटांतच वाढते. कॉर्टिसॉल सकाळी जास्त, रात्री कमी असते. त्यामुळे वेळ न नोंदवलेला नमुना निरुपयोगी. खाण्यापिण्याने, हिरड्यांतील रक्तानेही आकडे बिघडतात. एकाच नमुन्यावरून कोणालाही तणावग्रस्त ठरवू नये.