न हरता बाद : एफ. ए. चषकाचे पहिले वर्ष, १८७१–७२

मागच्या वेळी आपण खेळ आणि नियम यांच्या नात्याबद्दल बोललो होतो. आज उदाहरण म्हणून एकच स्पर्धा आणि तिचा एकच हंगाम घेऊ. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या चषकाचा हा पहिला हंगाम. जगातली ही सर्वात जुनी राष्ट्रीय बाद स्पर्धा आहे, तेव्हा तत्त्वज्ञानाच्या माणसाला तिथे काय काम, असं कुणी म्हणेल. आमच्या मते काम आहे. ‘जिंकणे’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न या हंगामाने जितका उघडा पाडला तितका फार थोड्या घटनांनी पाडला असेल.

२० जुलै १८७१. लंडनमध्ये ‘द स्पोर्ट्समन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत असोसिएशनची बैठक भरली होती. चिटणीस चार्ल्स ऑल्कॉक यांनी ठराव मांडला की संलग्न क्लबांसाठी एक आव्हान चषक असावा. कल्पना त्यांच्या शाळेतली होती. हॅरोला वसतिगृहा-वसतिगृहांमध्ये सामने व्हायचे, हरलेला संघ बाहेर, जिंकलेला पुढे. तेच आता देशभर करायचं. सुमारे वीस पौंडांचा चांदीचा चषक बनवून घेतला. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबने त्यासाठी एक गिनी वर्गणी धाडली. हे लक्षात ठेवा, ती गिनी आपल्याला पुढे लागणार आहे.

असोसिएशनकडे तेव्हा पन्नासएक क्लब होते. नावं आली पंधरा. लंडन आणि आसपासची मंडळी बहुतेक. लिंकनशायरमधली डॉनिंग्टन शाळा आणि ग्लासगोचा क्वीन्स पार्क हेच काय ते लांबचे. पंधरांपैकी तीन तर एकही सामना न खेळता गळाले. म्हणजे प्रत्यक्षात मैदानात उतरले बारा. ‘राष्ट्रीय’ हा शब्द तेव्हा वस्तुस्थिती सांगत नव्हता, इच्छा सांगत होता. संस्थांच्या इतिहासात असं पुष्कळदा होतं.

खेळही आजचा नव्हे. गोलला वर आडवा दांडा नसे, फीत बांधलेली असे. गोल झाला की दोन्ही संघ बाजू बदलत. चेंडू एकट्याने पायाशी घोळवत पुढे नेणं हेच कौशल्य मानलं जाई. चेंडू सहकाऱ्याकडे देऊन खेळण्याची पद्धत रुजवणाऱ्यांत रॉयल इंजिनिअर्सचे लष्करी अधिकारी आणि क्वीन्स पार्क, या दोघांची नावं घेतली जातात.

आता नियमांकडे येऊ. सामना बरोबरीत सुटला तर काय? नियम असा होता की दोघांनाही पुढच्या फेरीच्या सोडतीत घ्यावं किंवा पुन्हा खेळवावं, समितीला योग्य वाटेल तसं. ही साधी सोय वाटते, पण तर्कदृष्ट्या फार मोठी उडी आहे. बाद पद्धतीचा पाया ‘जो जिंकेल तो पुढे’ हा. समितीने त्याचं ‘जो हरला नाही तो पुढे’ असं केलं. आमचे नैयायिक इथे लगेच हात वर करतील, कारण हरण्याचा अभाव म्हणजे जिंकणं नव्हे.

परिणाम पाहा. क्रिस्टल पॅलेसने (आजच्या नव्हे, त्या काळच्या क्लबने) पहिल्या फेरीत हिचिनशी गोलशून्य बरोबरी केली, दोघेही पुढे. मग मेडनहेडला ३-० हरवलं. त्यानंतर वाँडरर्सशी पुन्हा गोलशून्य; पुन्हा दोघेही पुढे. एका विजयावर स्वारी उपांत्य फेरीत!

वाँडरर्सचं गणित तर याहून मजेदार आहे. पहिल्या फेरीत हॅरो चेकर्स आलेच नाहीत, पुढे चाल मिळाली. दुसऱ्या फेरीत क्लॅपहॅम रोव्हर्सवर ३-१ असा खराखुरा विजय. मग पॅलेसशी बरोबरी. उपांत्य फेरीत पुन्हा बरोबरी. अंतिम सामन्यापर्यंत एकच विजय. आणि या वाँडरर्सचे कर्णधार कोण? चार्ल्स ऑल्कॉक. ठराव त्यांचा, चिटणीस ते, कर्णधारही तेच. उपांत्य आणि अंतिम सामने ज्या केनिंग्टन ओव्हलवर झाले त्या सरे क्रिकेट क्लबचं चिटणीसपदही १८७२ मध्येच त्यांच्याकडे आलं. आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश असू नये, हे तत्त्व तेव्हा इंग्लंडात जुनंच होतं. मैदानावर ते लावावं असं कुणाला सुचलं नसावं. ऑल्कॉक लबाड होते असं आम्ही म्हणत नाही. घर लहान असलं की एकाच माणसाकडे सगळ्या किल्ल्या असतात.

क्वीन्स पार्कची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. लांबचा प्रवास पडू नये म्हणून समितीने त्यांना सवलती दिल्या. डॉनिंग्टन शाळेशी जमलं नाही, शाळेने माघार घेतली, पुढे आणखी एकदा पुढे चाल मिळाली, आणि एकही सामना न खेळता क्वीन्स पार्क उपांत्य फेरीत! ग्लासगोत वर्गणी जमवून मंडळी सुमारे चारशे मैलांचा रेल्वेप्रवास करून लंडनला आली. ५ मार्च १८७२ रोजी ओव्हलवर वाँडरर्सशी खेळली. ०-०.

उपांत्य सामना पुन्हा खेळणं भाग होतं. पण लंडनला राहायला किंवा परत यायला पैसे कुठले? क्वीन्स पार्कने माघार घेतली. एकही गोल न खाता, एकही सामना न हरता ते बाद झाले. इथे हरण्याचा अभाव पुरला नाही. पॅलेसला जो नियम दोनदा तारतो, तो ग्लासगोच्या संघाला तारत नाही. कागदावर नियम सगळ्यांना सारखा होता, पण तो पाळायचा खर्च सारखा नव्हता. ज्यांनी चषकासाठी गिनी दिली त्यांना चषकापर्यंत जाण्याचं भाडं परवडलं नाही.

अंतिम सामना १६ मार्चला झाला. प्रेक्षक सुमारे दोन हजार, तिकीट एक शिलिंग. सगळ्यांची पैज रॉयल इंजिनिअर्सवर. त्यांनी हिचिनला ५-०, तर उपांत्य फेरीच्या पुन्हा झालेल्या सामन्यात पॅलेसला ३-० हरवलं होतं. पण दहाएक मिनिटांतच त्यांच्या लेफ्टनंट क्रेसवेल यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. बदली खेळाडू ही गोष्टच नव्हती. गडी शेवटपर्यंत मैदानावर उभा राहिला. वाँडरर्स १-० ने जिंकले.

गोल करणाऱ्याचं नाव नोंदलं गेलं ‘ए. एच. चेकर’. खरं नाव मॉर्टन पेटो बेट्स. टोपणनावाची फोड ‘हॅरो चेकर्सपैकी एक’ अशी. म्हणजे ज्या क्लबने न येऊन वाँडरर्सना पहिली फेरी पार करून दिली, त्याच क्लबच्या गड्याने त्यांना चषकही मिळवून दिला. आज एवढ्यावर चौकशी समिती बसेल!

जाता जाता आपल्याकडचा एक धागा. त्या हरलेल्या इंजिनिअर्सपैकी हेन्री रेनी-टेलियर यांचा जन्म मसुरीचा, आणि आल्फ्रेड गुडविन दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, रुरकीला वारले. पुढे १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला, तोही बाद पद्धतीचाच. कूपरेजवर तो पाहिलेले श्रोते इथे असतील.

चषक ‘आव्हान’ चषक असल्याने विजेत्याने पुढच्या वर्षी थेट अंतिम सामनाच खेळायचा होता. १८७३ मध्ये वाँडरर्स तसेच खेळले आणि पुन्हा जिंकले. क्वीन्स पार्कलाही त्या वर्षी थेट उपांत्य फेरीत जागा दिली होती. प्रवास परवडेना म्हणून त्यांनी पुन्हा माघार घेतली. त्याच मार्चमध्ये स्कॉटलंडची स्वतःची असोसिएशन स्थापन झाली, तिने स्वतःचा चषक ठेवला, आणि १८७४ च्या पहिल्या अंतिम सामन्यात क्वीन्स पार्कने क्लाइड्सडेलला २-० ने हरवलं. सामना ग्लासगोतच, हॅम्पडन पार्कवर होता.