लॅम्ब्डा सेन्सरचं कूळ

प्रदूषणाच्या नियमांनी टर्बो नसलेलं स्पोर्ट्स कारचं एंजिन मारलं, ही गाडीवेड्यांची जुनी रड. पुरावा म्हणून फेरारी 308 पुढे केली जाते. कार्बुरेटरवर 255 अश्वशक्ती देणारी ही गाडी 1980 मध्ये इंजेक्शन आल्यावर 214 वर आली.

या खटल्यातला माझा साक्षीदार मात्र एका जर्मन दिव्यात सापडला. 1897 मध्ये रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्टने झिर्कोनिया आणि इट्रियाच्या मिश्रणाची कांडी विजेवर पेटवली. थंड असताना ती वीज वाहूच देत नसे, आधी तापवावी लागे. (गृहस्थ स्वतः मोटारवेडा. चढावर एंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडायचा म्हणतात!) टंगस्टनपुढे दिवा मागे पडला. कांडीतून वीज नेमकी वाहते कशी, हे रसायनशास्त्रज्ञ कार्ल वाग्नरने 1943 मध्ये उलगडलं: ऑक्सिजनचे आयन ती वाहून नेतात.

याच जातीच्या झिर्कोनियाचा, धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर बॉशने केला आणि 1976 मध्ये तो अमेरिकेला जाणाऱ्या व्होल्वोत बसला. एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा; दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकातून व्होल्टेज निघतं, तेही नेर्न्स्टच्याच 1889 च्या समीकरणाप्रमाणे. सुमारे 300 अंश तापल्याशिवाय हाही बोलत नाही. सेन्सर स्पार्कप्लगसारखा दिसतो, म्हणून कुणी स्पार्कप्लगला मूळपुरुष ठरवेल. अंगरखा त्याचा असेल, रक्त दिव्याचंच.

धूर स्वच्छ करणाऱ्या थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला पेट्रोलच्या 14.7 पट हवा लागते, जराही इकडेतिकडे चालत नाही. पूर्ण ताकदीला मिश्रण थोडं दाट हवं, म्हणून भांडण. पण या सेन्सरने प्रमाण सतत मोजायची सक्ती झाली आणि एंजिनावर कॉम्प्युटरची नजर आली. टर्बोविना नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढणारी, तरीही धुराच्या चाचणीत पास होणारी होंडा एस2000 (1999) मी याच सक्तीच्या खात्यावर मांडतो. सिलिंडरमागे चार व्हॉल्व्हवाले श्रेय मागतील. थोडं देऊ.

खरा घाव कार्बन डायऑक्साइडच्या नियमांनी घातला. युरोपने 2009 मध्ये तो कायदा केला. चाचणीत गाडी हळूच चालते, तिथे लहान टर्बो एंजिन कमी पेट्रोल पितं. 2015 मध्ये पोर्श 911 कॅरेरा आणि 458 च्या जागी आलेली फेरारी 488, दोन्ही टर्बोवर गेल्या.

धुराचं म्हणाल, तर 2024 च्या 911 जीटी3 मध्ये चार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि दोन पार्टिक्युलेट फिल्टर आहेत. टॉर्क 470 वरून 450 न्यूटन-मीटरवर आला, अश्वशक्ती 510 च राहिली, आणि टर्बो अजूनही नाही.